छोटे निर्णय नेमके घेतं कोण?

आयुष्य बदलणारे निर्णय म्हटलं की आपल्यासमोर मोठ्या गोष्टी उभ्या राहतात. सायन्स घ्यायचं की कॉमर्स, गावात राहायचं की पुण्या-मुंबईला जायचं, आखाती देशाचा व्हिसा आला तर इथली नोकरी सोडायची का, निकाह कुठे करायचा. अशा निर्णयांसाठी घरात बैठक बसते, मामूंना फोन जातो, कुणी इस्तिखारा करतं. ते योग्यच आहे. पण मी जी घरं जवळून पाहिली, त्यांतल्या अनेकांचा रस्ता या बैठकीच्या बराच आधी ठरून गेलेला होता. कधी शाळेच्या रजिस्टरमधल्या एका रकान्यात, कधी अर्जाच्या शेवटच्या तारखेला, कधी रात्री अकरा वाजता मोबाइलवर दाबलेल्या एका बटणाने. त्या वेळी कुणालाच वाटलं नव्हतं की आपण काही ठरवतो आहोत.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या कामात एक गोष्ट लवकर कळते. मोठी यंत्रणा बंद पडते तेव्हा कारण बहुतेकदा मोठं नसतं. कुठेतरी एक किंमत चुकीची भरलेली असते, एक पर्याय कुणीतरी न बघता तसाच सोडलेला असतो. माणसाचं आयुष्य म्हणजे कॉम्प्युटर नाही, हे मला मान्य आहे. पण ‘छोटं आहे, बघू नंतर’ हे वाक्य दोन्हीकडे सारखंच महाग पडतं. आणि आपल्या समाजातल्या मुलामुलींना ते इतरांपेक्षा जास्त महाग पडतं. का, ते सांगण्यासाठी हा लेख.

दाखल्यावरचा एक शब्द

महाराष्ट्रात तांबोळी, बागवान, मोमीन, अत्तार, पिंजारी अशा अनेक मुस्लिम बिरादऱ्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत आहेत. मुस्लिम ओबीसी चळवळीने यासाठी वर्षानुवर्षं खस्ता खाल्ल्या. पण यादीत नाव असणं आणि हातात दाखला असणं यांत मोठं अंतर आहे. ओबीसी जातीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. म्हणजे वडील, आजोबा किंवा वडिलांकडच्या रक्तातल्या नातेवाइकांचा शाळा सोडल्याचा दाखला, प्रवेश-निर्गम उतारा, जुनी महसुली नोंद असं काहीतरी. आणि त्यावर जातीच्या रकान्यात नेमका शब्द लागतो.

इथेच अडतं. आपल्या बऱ्याच आजोबांच्या दाखल्यावर त्या रकान्यात फक्त ‘मुसलमान’ लिहिलेलं आहे. गुरुजींनी विचारलं नाही, पणजोबांनी सांगितलं नाही. तीन पिढ्या फळांची गाडी लावणारं घर असतं, सगळा बाजार त्यांना बागवान म्हणून ओळखतो, आणि कागद म्हणतो की याचा पुरावा नाही.

आमच्या ओळखीच्या एका घरातली मुलगी बारावीला होती. तिला फार्मसीला जायचं होतं. तिच्या अब्बांना कुणीतरी जानेवारीतच सांगितलं की दाखल्याचं काम जूनसाठी ठेवू नका, आत्ताच लागा. त्यांनी ऐकलं. आजोबांच्या दाखल्यावर ‘मुसलमान’ निघालं. मग चुलत आजोबांची शाळा शोधली. ती दुसऱ्या तालुक्यातल्या एका खेड्यात होती. तिथल्या जुन्या जनरल रजिस्टरमध्ये १९६१ सालच्या नोंदीत ‘मुसलमान बागवान’ असं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं सापडलं. त्या गुरुजींनी बहुधा एकच प्रश्न जास्त विचारला असेल, मुसलमान म्हणजे कोण? त्या एका प्रश्नावर साठेक वर्षांनी एका मुलीचा दाखला निघाला, वैधतेसाठी अर्ज गेला आणि प्रवेशफेऱ्या संपायच्या आत तिचं नाव ओबीसीच्या यादीत लागलं.

याचा पैशातला अर्थही समजून घ्या. राज्य सरकारने २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत प्रवेश घेणाऱ्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी प्रवर्गातल्या मुलींची शिकवणी फी आणि परीक्षा फी माफ केली आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असावं, ही अट आहे. ज्यांची बिरादरी ओबीसीत नाही, ते ईडब्ल्यूएसचा दाखला काढू शकतात. तो आर्थिक निकषावर मिळतो, धर्म बघून नाही. तरीही निकालानंतर आठ दिवस उरलेले असताना सेतू केंद्राच्या रांगेत उभे राहणारे पालक दर वर्षी दिसतात. त्यांची मुलगी हुशार असते. घरची परिस्थिती सवलतीत बसणारी असते. कमी पडतात ते चार-पाच महिने.

आता जी तरुण जोडपी हे वाचत असतील त्यांच्यासाठी. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ मध्ये बदल झाला. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून मतदार यादीपर्यंत जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा आहे. तेव्हा दवाखान्यातून घरी आल्यावर मिठाई वाटण्याच्या गडबडीत जो कागद भरला जातो, त्यावर बाळाचं नाव, तुमचं नाव आणि आडनाव कसं लिहायचं, हे दोन मिनिटं बसून ठरवा. पुढे शाळेत नाव घालाल तेव्हा जातीचा रकाना कारकुनावर सोडू नका. तुमच्या नातवंडांपर्यंत तो शब्द जाणार आहे.

शेख किती प्रकारे लिहितात?

उर्दूत शेख एकाच तऱ्हेने लिहिला जातो. मराठीतही बहुतेक एकाच. इंग्रजीत मात्र कुणी ‘ए-आय’ घालतं, कुणी ‘ई-आय’, कुणी डबल ई, कुणी नुसता ई. मोहम्मदचं तर विचारूच नका. पूर्ण नाव, ‘मोहद’, ‘एमडी’, उ किंवा ओ, एक एम किंवा दोन. एका माणसाच्या चार कागदांवर चार स्पेलिंगं असणं आपल्याकडे नवलाचं नाही. शाळेत क्लार्कने एक लिहिलं, आधार केंद्रावरच्या मुलाने दुसरं, बँकेत तिसरं.

माणसाला हे चालतं. पोस्टमनला माहीत असतं की हे एकच घर आहे. कॉम्प्युटरला माहीत नसतं. मी हे काम करतो म्हणून सांगतो, दोन नावांची तुलना करणारा प्रोग्रॅम अक्षरं मोजतो, त्यामागचा माणूस त्याला दिसत नाही. पूर्वी कागद माणसासमोर जायचा आणि तो म्हणायचा, ‘अरे, हा तर अमक्याचा मुलगा.’ आता शिष्यवृत्तीचा अर्ज, पीएफ, नोकरीतली पार्श्वभूमी तपासणी, पासपोर्ट, सगळं आधी यंत्रासमोर जातं. यंत्राने ‘जुळत नाही’ म्हटलं की पुढची खेप तुमची.

आणि काही ठिकाणी ही नुसती खेप राहत नाही. आसाममध्ये ३१ ऑगस्ट २०१९ रोजी नागरिक नोंदणीची अंतिम यादी आली तेव्हा १९ लाखांहून अधिक लोक तिच्याबाहेर राहिले. त्यात सर्व धर्मांचे लोक होते. त्याच राज्यातल्या मो. रहीम अली यांना २०१२ मध्ये परदेशी नागरिक न्यायाधिकरणाने परदेशी ठरवलं होतं. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द करून त्यांना भारतीय नागरिक ठरवलं. नावांच्या स्पेलिंगमधल्या आणि तारखांमधल्या किरकोळ फरकांवरून माणसाला परदेशी ठरवता येत नाही, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. पण तो निकाल ऐकायला रहीम अली हयात नव्हते.

या प्रकरणात दोष रहीम अलींचा होता असं मी अजिबात म्हणत नाही. उलट हे उदाहरण सांगतं की आपल्या आयुष्यावर परिणाम करणारे छोटे निर्णय अनेकदा दुसरंच कुणी घेत असतं. यादी लिहिणारा, टाइप करणारा, तपासणारा. ते आपल्या हातात नाही. आपल्या हातात एवढंच आहे की दहावीचा फॉर्म भरताना शाळा जी प्रत तपासायला देते, ती न वाचता सही करायची नाही. दहावीच्या प्रमाणपत्रावर जे स्पेलिंग येईल तेच पुढे सगळीकडे वापरायचं. आधीच गोंधळ असेल तर नोकरी लागेपर्यंत थांबू नका. राजपत्रात नावातला बदल प्रसिद्ध करण्याची सोय आहे, त्याचा अर्ज ऑनलाइन होतो. हे काम कॉलेजात असतानाच उरकलेलं बरं.

चोवीस तासांचं स्टेटस

व्हॉट्सॲपचं स्टेटस चोवीस तासांनी आपोआप जातं. त्यावरून झालेला गुन्हा जात नाही.

जून २०२३ मध्ये कोल्हापुरात काय झालं ते आपल्याला आठवत असेल. काही तरुणांनी ठेवलेल्या स्टेटसवरून तणाव झाला. त्यांत अल्पवयीन मुलंही होती. ७ जूनला बंद पुकारला गेला, जमाव रस्त्यावर आला, दगडफेक झाली, दुकानं फुटली. पोलिसांना लाठीमार करावा लागला, इंटरनेट बंद झालं. ज्यांची दुकानं फुटली त्यांचा त्या स्टेटसशी काही संबंध नव्हता. ज्यांनी ती फोडली त्यांना कायदा हातात घेण्याचा कोणताही अधिकार नव्हता. एका मुलाच्या मोबाइलची शिक्षा गल्लीतल्या बेकरीवाल्याला देणं हा सरळ अन्याय आहे आणि तो अन्यायच म्हटला पाहिजे.

तरीही मला त्या मुलाशी बोलायचं आहे ज्याचा अंगठा आत्ता स्क्रीनवर आहे. भाऊ, भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ गटांमध्ये तेढ वाढवण्याबद्दल आहे, कलम २९९ धार्मिक भावना जाणूनबुजून दुखावण्याबद्दल. शिक्षा तीन वर्षांपर्यंतची आहे. तू निर्दोष सुटशीलही. पण सुटेपर्यंतची वर्षं कुठे जातील? खटला चालू असेल तर पासपोर्टसाठी न्यायालयाची परवानगी आणावी लागते. पोलीस भरतीत, सरकारी नोकरीत चारित्र्य पडताळणी होते. खासगी कंपन्याही आता विचारतात. अम्मी तारखेच्या दिवशी रोजा ठेवते, अब्बा वकिलाच्या फीसाठी कुणाकुणाच्या दारात जातात. हे सगळं अशा एका चित्रासाठी, जे तू बनवलेलंही नसतंस. कुणीतरी पाठवलं, तू पुढे ढकललंस.

आपल्या दीनने यावर आधीच बोट ठेवलेलं आहे. सूरह हुजुरातमध्ये शिकवण आहे की बातमी आली तर आधी तिची शहानिशा करा, नाहीतर अजाणतेपणी कुणाचं तरी नुकसान कराल आणि मग पस्तावाल. ऐकलेली प्रत्येक गोष्ट सांगत सुटणं माणसाला खोटं ठरवायला पुरेसं आहे, अशा अर्थाची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. चौदा शतकांपूर्वी मोबाइल नव्हता, पण हा मोह तेव्हाही होता.

गप्प बसा, असं मी म्हणत नाही. अन्यायाविरुद्ध बोललंच पाहिजे. पण स्वतःचं नाव लिहून, संदर्भ तपासून लिहिलेला एक लेख, वर्तमानपत्राला पाठवलेलं एक पत्र, तहसीलदारांना दिलेलं एक निवेदन यांना वजन असतं. गाणं लावलेल्या तीस सेकंदांच्या क्लिपने आपला एकही प्रश्न आजवर सुटलेला नाही.

न घेतलेला निर्णयही निर्णयच

आता आमच्या धंद्यातलं थोडं आतलं सांगतो. ॲप बनवताना ‘डीफॉल्ट’ काय ठेवायचं यावर तासन्‌तास चर्चा होते. डीफॉल्ट म्हणजे तुम्ही काहीच निवडलं नाही तर जे लागू होतं ते. नोटिफिकेशन चालू ठेवायची की बंद, पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू करायचा की नाही. आम्हाला ठाऊक असतं की बहुतेक लोक सेटिंग उघडतच नाहीत.

याचं गाजलेलं उदाहरण अवयवदानाचं आहे. एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टीन यांनी २००३ मध्ये युरोपातल्या देशांची तुलना प्रसिद्ध केली. जर्मनीत स्वतःहून होकार द्यावा लागत होता, तिथे संमतीचं प्रमाण सुमारे १२ टक्के होतं. शेजारच्या ऑस्ट्रियात नकार नोंदवला नाही तर होकार धरला जाई, तिथे ते ९९ टक्क्यांच्या वर होतं. जर्मन लोक निर्दयी आणि ऑस्ट्रियन दयाळू, असं काही नव्हतं. फॉर्म वेगळा होता.

मोबाइलवर खाली सरकवत राहिलं तरी पान न संपणं, ही रचना २००६ च्या सुमारास ॲझा रास्किन या डिझायनरने केली. पुढे त्यांनी स्वतःच तिच्या परिणामांबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. पूर्वी पान संपायचं, तिथे थांबून माणूस विचार करायचा की पुढे जायचं का. तो थांबाच काढून टाकला. म्हणजे इशानंतर तू दीड तास रील बघतोस तेव्हा तू रील बघायचं ठरवलेलं नसतंस. तू फक्त थांबायचं ठरवलेलं नसतंस. तुझ्या त्या दीड तासावर काही लोक पगार घेऊन काम करत असतात.

त्यातली वीस मिनिटं काढली तर वर्षाला १२१ तास होतात. एवढ्या वेळात स्पर्धा परीक्षेचा एखादा विषय पुरा होतो, प्रोग्रॅमिंगची एक भाषा कामापुरती येते, किंवा तजवीदसह कुरआन नीट वाचता येतं. टपरीवर रोज पन्नास रुपये जात असतील तर वर्षाला १८,२५० होतात. अनेक ठिकाणी तेवढ्यात वर्षाची अभ्यासिका आणि पुस्तकं दोन्ही भागतात.

घरातही डीफॉल्ट असतात, आणि ते मोबाइलपेक्षा जास्त नुकसान करतात. मुलगा दहावी झाला की पुढे काय शिकणार, असं विचारतात. मुलगी दहावी झाली की प्रश्नच विचारला जात नाही. कॉलेज तालुक्याला आहे, बस सकाळी सहाची आहे, स्टँडपर्यंत अंधार असतो. कुणीही बसून ‘हिला शिकवायचं नाही’ असं ठरवत नाही. जूनमध्ये बघू म्हणतात, मग जुलै येतो, मग तिच्या मामीच्या ओळखीत एक स्थळ येतं. संपलं. अशा घरात मोठ्या भावाने एवढंच म्हटलं की ‘मी सोडतो हिला स्टँडवर, मोटारसायकल तशीही सकाळी उभीच असते,’ तर सगळं चित्र बदलतं. रोजची दहा मिनिटं. मी अशी घरं पाहिली आहेत, आणि जिथे भाऊ उठला नाही तीही पाहिली आहेत. बहिणीच्या शिक्षणावर भाषण करणारे भाऊ आपल्याकडे पुष्कळ आहेत, सहाला उठणारे थोडे आहेत.

मग तकदीरचं काय?

हे सगळं बोललं की एखादे बुजुर्ग म्हणतात, बेटा, जे लिहिलंय तेच होणार. मला या वाक्याचा आदर आहे. दुःखाच्या वेळी त्याने माणूस सावरतो. पण काम न करण्याची सबब म्हणून ते वापरणं हा तकदीरचा अर्थ नाही.

हजरत उमर (रजि.) यांच्या काळातली घटना सहीह बुखारीत आली आहे. ते शामकडे निघाले होते. सर्ग या ठिकाणी पोहोचल्यावर कळलं की पुढे प्लेगची साथ आहे. त्यांनी मुहाजिरीन, अन्सार आणि कुरैशचे बुजुर्ग यांच्याशी वेगवेगळा सल्लामसलत केली आणि परत फिरायचं ठरवलं. हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारलं की हे अल्लाहच्या तकदीरपासून पळणं नाही का? हजरत उमर यांच्या उत्तराचा आशय असा की होय, आपण अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत. उंट चारायला नेलेल्या माणसासमोर एक बाजू हिरवी आणि एक बाजू उजाड असेल, तर तो कुठेही चारला तरी ती तकदीरच, पण म्हणून कुणी उजाड बाजू निवडतं का, असं त्यांनी समजावलं.

या घटनेत माझ्या मते सगळं आलं. माहिती घेतली, सल्ला घेतला, हातात होतं ते ठरवलं, आणि बाकीचं अल्लाहवर सोपवलं. उंट आधी बांधा आणि मग भरवसा ठेवा, ही शिकवणही आपण लहानपणापासून ऐकतो. अर्ज भरणं हे आपल्या काळातलं उंट बांधणं आहे.

आणखी एक गोष्ट. अल्लाहला तो अमल सर्वांत प्रिय आहे जो सातत्याने केला जातो, मग तो थोडा का असेना, या अर्थाची हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हीत आहे. रमजानमध्ये एका रात्रीत सगळं बदलून टाकायची आपल्याला हौस असते. ईद झाली की सगळं पूर्ववत. इथे मात्र थोड्याला मान दिला आहे, फक्त ते रोज हवं.

अन्याय आहेच

दुसरा आक्षेप तरुणांकडून येतो आणि तो जास्त गंभीर आहे. ते म्हणतात, साहेब, आम्ही स्पेलिंग सुधारलं, वीस मिनिटं वाचवली, तरी भाड्याने खोली मिळणार आहे का?

हा प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही. जालना जिल्ह्यातल्या शेलगावचे अन्सार शेख २०१५ च्या यूपीएससी परीक्षेत पहिल्याच प्रयत्नात, एकविसाव्या वर्षी, ३६१ व्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले. वडील रिक्षाचालक. पुण्यात शिकायला आले तेव्हा मुस्लिम नावामुळे खोली मिळेना, म्हणून त्यांना ‘शुभम’ हे नाव सांगावं लागलं होतं. निकालानंतर त्यांनी हे उघडपणे सांगितलं. सरकारी पातळीवरही आपल्या विरोधात जाणारे निर्णय झाले. २०२२ मध्ये केंद्राने पहिली ते आठवीच्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती बंद केली, मौलाना आझाद फेलोशिपही बंद केली. सच्चर समितीने २००६ मध्ये जे मांडलं, त्यातलं बरंच काम अजून बाकी आहे. सगळा दोष मुलांच्या आळसावर टाकणारी भाषणं मला खोटी वाटतात.

पण याच कारणासाठी छोट्या निर्णयांची किंमत आपल्याकडे जास्त आहे. ज्याच्या घरी पैसा आहे, ओळखी आहेत, त्याची तारीख चुकली तर तो मॅनेजमेंट कोट्यातून जातो. त्याच्यावर गुन्हा दाखल झाला तर संध्याकाळपर्यंत चांगला वकील येतो. आपल्या मुलाला अशी दुसरी वाट नसते. एक तारीख चुकली की वर्ष जातं, वर्ष गेलं की गॅरेज लागतं. अन्याय मोठा आहे म्हणूनच आपल्या हातातली छोटी गोष्ट हातातून सोडून चालणार नाही. अन्यायाशी लढायलाही शिकलेली, कागदपत्रं पक्की असलेली माणसंच लागतात.

अन्सार शेख यांच्याच गोष्टीत पाहा. त्यांना शाळेतून काढायचं घरात चाललं होतं तेव्हा एका शिक्षकाने वडिलांना समजावलं. धाकट्या भावाने स्वतःची शाळा सोडून गॅरेजमध्ये काम केलं आणि घर चालवलं. निकालाच्या यादीत नाव एकट्याचं येतं. तिथवर पोहोचवणारे निर्णय किती जणांचे असतात!

हे आपल्या इतिहासातही दिसतं. १८४९ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाईंना घर सोडावं लागलं तेव्हा पुण्यातल्या उस्मान शेख यांनी त्यांना आपल्या घरात जागा दिली, असं सांगितलं जातं. सावित्रीबाईंच्या १८५६ च्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. आपण नसल्याने कामाचा भार तिच्यावर पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असा त्याचा भाव आहे. एका घरातली खोली आणि एका बाईची कुरकुर न करता केलेली रोजची मेहनत. ज्याला आपण आज क्रांती म्हणतो, तिला या दोन्ही गोष्टींचा आधार होता.

मोहल्ल्यात काय करता येईल?

हे सगळं एकट्या मुलाच्या इच्छाशक्तीवर सोडू नये, असं माझं ठाम मत आहे. डीफॉल्ट बदलायचा तर तो समाजानेच बदलावा लागतो.

मशिदीच्या फलकावर नमाजच्या वेळा असतात. त्याच्या शेजारी एक कागद लावा: दहावी-बारावीनंतरच्या प्रवेशाच्या तारखा, शिष्यवृत्तीच्या तारखा, मतदार यादीत नाव तपासण्याच्या तारखा. जुम्याच्या बयाननंतर दोन मिनिटांत त्या वाचून दाखवता येतात. पोस्ट ग्रॅज्युएट झालेली, नोकरी करणारी मुलं-मुली सुट्टीला गावी येतात. त्यांनी महिन्यातून एका रविवारी दोन तास लॅपटॉप घेऊन बसावं. मी हे गेली काही वर्षं करतो. त्यात फार विद्वत्ता लागत नाही. बहुतेक प्रश्न तेच असतात: उत्पन्नाचा दाखला कुठे, फोटोची साइज किती, आधारला मोबाइल जोडलेला नाही. पण समोरच्याला ते विचारायला कुणीतरी लागतं, आणि तो हसणार नाही याची खात्री लागते.

नववीतल्या प्रत्येक मुलामुलीच्या घरी एक फाइल असावी. जन्माचा दाखला, आधार, वडिलांचा आणि आजोबांचा शाळेचा दाखला, रेशन कार्ड. फाइल असली की जूनमध्ये धावपळ होत नाही.

आणि जो चुकला त्याला लगेच नालायक ठरवू नका. लंडनमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला. नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडली, असं त्यांना दिसलं नाही. फजर एक दिवस गेली म्हणून उद्याचा अलार्म बंद करायचा नसतो. तसंच अभ्यासाचं आहे, तंबाखू सोडण्याचंही आहे.

तुमच्यापैकी बरेच जण हा लेख मोबाइलवर वाचत असणार. पुढचं काहीतरी सुरू होण्याआधी एक काम करा. तुमच्या दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव आणि आधारवरचं नाव समोरासमोर ठेवून एकेक अक्षर बघा. जुळलं तर अल्हम्दुलिल्लाह. नाही जुळलं तर सोमवारी कुठे जायचं, ते आजच लिहून ठेवा. आणि घरात नववी-दहावीत बहीण असेल तर तिला विचारा, पुढे काय शिकायचंय? तिला हा प्रश्न अजून कुणी विचारला नसेल, अशी शक्यता बरीच आहे.